पाहुण्याचा प्रश्न

घरी पाहुणा येणार असला की आपण घर आवरतो. पसारा माळ्यावर जातो, फाटकी चादर कपाटात जाते, ठेवणीतल्या कपबश्या बाहेर निघतात. पाहुणा येतो, चहा घेतो आणि घर किती नीटनेटके आहे असे म्हणून जातो. परंतु एखादा पाहुणा पाणी मागण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातो आणि सहज विचारतो, "वहिनी सकाळपासून उभ्याच आहेत, त्या केव्हा जेवणार?" घरातील माणसांना हा प्रश्न कधी पडलेला नसतो. त्यांच्या डोळ्यांना ते दृश्य सवयीचे झालेले असते. पाहुण्याला ती सवय नसते, म्हणून त्याला दिसते.

जे घराचे, तेच समाजाचे. १५१६ साली इंग्लंडमधील टॉमस मोर याने 'युटोपिया' नावाचे पुस्तक लिहिले. दूरदेशी फिरून आलेला एक प्रवासी त्यात एका बेटाचे वर्णन करतो. त्या बेटावर कोणी गरीब नाही, कोणी श्रीमंत नाही, दिवसाला सहा तासच काम करावे लागते आणि सोन्याला कोणी विचारत नाही. 'आदर्श राज्य' या अर्थी हा शब्द पुढे जगभर रूढ झाला. मात्र याच बेटावर गुलाम आहेत. जनावरे कापण्यासारखी नकोशी कामे त्यांच्याकडे आहेत आणि त्यांच्या पायांत सोन्याच्या बेड्या आहेत. प्रवासी हे सारे न अडखळता सांगून जातो. अडखळावे लागते ते वाचकाला.

मोरचे बेट काल्पनिक होते. आपण एका खऱ्या ठिकाणी जाऊ.

कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळी नदीच्या काठी बागबाजार नावाचा जुना भाग आहे. काही वर्षांपूर्वी मी तेथे गेले होते. अरुंद गल्ल्या, जुन्या घरांचे ओटे, त्यांवर रंगलेल्या गप्पा. खाण्याचा विषय निघाला की तेथील माणूस अभिमानाने सांगतो की रसगुल्ला आमच्या बागबाजारचा, नवीनचंद्र दास यांनी तो १८६८ साली येथेच तयार केला. (ओडिशातील लोकांना हे मान्य नाही, परंतु तो वाद येथे नको.) नाटककार गिरीशचंद्र घोष येथलेच. येथल्याच बलराम बोस यांच्या घरी १ मे १८९७ रोजी स्वामी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या वस्तीचे चित्र कोणालाही हेवा वाटावा असे होते. येथे 'भद्रलोक' म्हणजे शिकलेला, उच्चवर्णीय, पांढरपेशा वर्ग मोठ्या संख्येने राहत असे. एकत्र कुटुंबे होती, आल्यागेल्याला अन्न होते, पुस्तकांची आणि नाटकांची आवड होती. बारा महिन्यांत तेरा सण, असे बंगाली माणूस स्वतःविषयी कौतुकाने म्हणतो. बाहेरच्याने पाहावे आणि म्हणावे, 'समाज असावा तर असा.'

आता स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊ. अशा घरांच्या आतील भागाला अंतःपूर म्हणत. स्त्रियांचे आयुष्य तेथेच सुरू होई आणि तेथेच संपे. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की तिचे लग्न होई. वयाने मोठा असलेला पती वारला, तर ती मुलगी जन्मभर विधवा राही. तिने एकभुक्त राहायचे, पांढरे लुगडे नेसायचे, मासा खायचा नाही, एकादशीला पाणीही घ्यायचे नाही. ज्या प्रांतात मासळीवाचून जेवण पुरे होत नाही, तेथे हा नियम किती कठोर असेल याची कल्पना करा. आणि पुष्कळदा घरच्या सर्वांसाठी तो मासा शिजवणारी तीच असे. तिच्या उपासांवर घराचे पावित्र्य उभे होते. ती किंमत देत होती, परंतु घराच्या हिशेबात ती कोठेच मांडलेली नव्हती.

बंगालमध्ये हा हिशेब विचारणारे घरचे लोक नव्हते असे नाही. राजा राममोहन राय यांच्या प्रयत्नांमुळे १८२९ साली सतीबंदी झाली. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांतून १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. कायदा झाला तरी अंतःपुराची दारे मात्र सहजासहजी उघडली नाहीत.

१८७८ साली कोलकात्यात एक मराठी तरुणी आली. वय वीस वर्षे. सोबत भाऊ श्रीनिवास. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत दगावलेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते आणि त्या माउलीने आपल्या मुलीला. भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ असलेली ही मुलगी भावासह देशभर पायी फिरत, पुराणे सांगत कोलकात्याला पोचली. तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. हीच पंडिता रमाबाई.

शहराने तिला डोक्यावर घेतले. येथे एखादी दुसरी व्यक्ती कृतार्थ होऊन थांबली असती. परंतु पंडितांनी तिला एक काम सांगितले. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना, शास्त्रांनी सांगितलेली स्त्रियांची कर्तव्ये समजावून सांगायची. त्या व्याख्यानांच्या तयारीसाठी रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचायला घेतले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी या वाचनाविषयी लिहिले आहे. इतर बहुतेक बाबतींत या ग्रंथांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. एका बाबतीत मात्र सर्वांचे एकमत होते: स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, स्वभावतःच वाईट आहे, तिला पुरुषाप्रमाणे मोक्ष मिळू शकत नाही आणि पतीची सेवा हाच तिचा एकमेव मार्ग आहे. शूद्रांची गतही अशीच. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचले आहेत का असे विचारले, तेव्हा स्त्रियांना वेदांचा अधिकार नाही, असे उत्तर खुद्द या 'सरस्वती'ने दिले. त्यांनी तिच्या हाती वेदांची प्रत दिली.

या प्रसंगातील विसंगती लक्षात घ्या. ज्या पंडितांनी एका स्त्रीच्या विद्वत्तेचा गौरव केला, त्यांच्याच ग्रंथांनी स्त्रीला विद्येचा अधिकार नाकारला होता. रमाबाईंचा सन्मान हा अपवादाचा सन्मान होता आणि त्या पडद्याआडच्या स्त्रियांसमोर त्यांनी सांगावयाचा होता तो नियम. पाहुणीला घर दाखवताना यजमानांनी नकळत तिला स्वयंपाकघरात नेऊन सोडले. तिने तेथे जे पाहिले ते ती विसरली नाही. १८८० साली तिने बिपिनबिहारी मेधवी या ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोनच वर्षांत ते वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई महाराष्ट्रात परतल्या त्या स्वतः विधवा होऊन. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शाळा काढली. तिचे नाव 'शारदा सदन'.

रमाबाई कोलकात्यात आल्या त्यानंतर वीस वर्षांनी, २८ जानेवारी १८९८ रोजी, आणखी एक पाहुणी त्या शहरात उतरली. मार्गारेट नोबल. मूळची आयर्लंडची, लंडनमध्ये शिक्षिका. स्वामी विवेकानंदांनी तिला 'निवेदिता' हे नाव दिले. तिने बागबाजारच्या बोसपाडा लेनमध्ये घर घेतले. सनातनी वस्तीत परदेशी बाई राहायला येणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तिच्या स्पर्शाचाही विटाळ मानला जाई. अशा वेळी रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदादेवी यांनी तिला आपल्या पंगतीला बसवून घेतले. त्या वस्तीत शारदादेवींचा शब्द मोठा होता. त्यांनी जिला जवळ केले तिला लांब ठेवणे कोणाला जमणार?

१३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी, १६ बोसपाडा लेन येथे निवेदितेने मुलींची शाळा सुरू केली. उद्घाटन शारदादेवींनी केले. योगायोग असा, की मुंबईतील शाळा शारदेच्या नावाची आणि बागबाजारातील शाळा शारदेच्या हातची. या शारदादेवींचे वयाच्या सहाव्या वर्षी लग्न झाले होते. लहानपणी त्या अक्षरओळखीचे पुस्तक घेऊन बसल्या, तेव्हा घरातील एका नातेवाइकाने ते हिसकावून घेतले होते. बाई वाचायला लागली तर पुढे कादंबऱ्या वाचेल, असे त्याचे म्हणणे! शारदादेवींनी ही आठवण पुढे स्वतः सांगितली आहे. त्या इतर मुलींकडून थोडेथोडे वाचायला शिकल्या. शिक्षणाची वाट मध्येच बंद झाल्यावर ती दुसऱ्या बाजूने शोधणे म्हणजे काय, हे या पाठाच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

शाळेसाठी मुली मिळवायला निवेदितेला घरोघर जावे लागले. मुलगी थोडी शिकली की तिचे लग्न ठरे आणि तिची जागा रिकामी होई. पुढे पैशांअभावी शाळा काही काळ बंद ठेवावी लागली. १९०३ पासून विवाहित आणि विधवा स्त्रियांसाठीही वर्ग सुरू झाले आणि अंतःपुरातील गृहिणी पाटी-पुस्तक घेऊन बसू लागल्या.

दरम्यान १८९९ साली कोलकात्यात प्लेगने पुन्हा डोके वर काढले. प्लेग घाणीत वाढतो हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ज्यांच्या घरात दिवसातून दोनदा स्नान होई, त्यांच्या दारापुढची गटारे मात्र तुंबलेली असत. कारण ती साफ करणे हे 'त्यांचे' काम होते. 'ते' म्हणजे वस्तीच्या कडेला झोपड्यांत राहणारे, ज्यांची सावलीही नको असे. निवेदिता झाडू घेऊन गल्लीत उतरली. एक गोरी बाई गल्ली झाडते आहे हे पाहून तेथील तरुण शरमले आणि त्यांनीही झाडू उचलले. त्या भागात काम करणारे डॉक्टर राधागोविंद कर यांनी एक आठवण नोंदवली आहे. बागदी या खालच्या मानलेल्या जातीच्या वस्तीत एक पोरके मूल प्लेगने आजारी होते. डॉक्टर तेथे गेले, तर निवेदिता दमट झोपडीत त्या मुलाला मांडीवर घेऊन बसलेली. डॉक्टरांनी तिला सावध केले, तरी ती हलली नाही. शेवटच्या क्षणी ते मूल तिला आई म्हणून बिलगले.

हे वाचताना मराठी वाचकाला पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. दोनच वर्षे आधी, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाई फुले यांनी एका अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एक बाहेरून आलेली, एक घरातलीच. स्वच्छतेचा सोहळा कोणाच्या हातांवर चालतो, हे दोघींना दिसले होते.

निवेदितेची नजर गल्लीपुरती राहिली नाही. १९०६ साली पूर्व बंगालात पूर आणि दुष्काळ आला. ती होडीतून बारिसाल भागातील गावांत फिरली आणि तिने त्यावर पुस्तक लिहिले. त्यात तागाविषयी एक प्रकरण आहे. त्या काळी हुगळीच्या दोन्ही काठांवर तागाच्या गिरण्या धडधडत होत्या आणि कोलकात्याची भरभराट त्या धाग्यावर चालली होती. देशोदेशीचे धान्य बंगालच्या गोण्यांत भरले जात होते. नगदी पैशासाठी शेतकऱ्याने भाताच्या खाचरात ताग लावला. भाताचे कोठार रिकामे झाले आणि पीक बुडाल्यावर विकत घेण्यापुरता पैसाही उरला नाही. ज्याच्या तागाच्या पोत्यात जगाचे धान्य भरले जाई, तोच उपाशी. राजवाड्यांचे शहर म्हणून युरोपीय प्रवाशांनी ज्याची स्तुती केली, त्याच्या झगमगाटाची किंमत निवेदितेला बारिसालच्या चिखलात दिसली. निवेदिता स्वतः त्या साम्राज्याची नागरिक होती, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

तरीही पाहुण्याला सारेच दिसते असे नाही. १९०४ साली निवेदितेने भारतीय जीवनावर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. त्यात हिंदू घरातील स्त्रीचा त्याग तिने अतिशय सुंदर रंगांत रंगवला आहे. भारताला रानटी समजणाऱ्या पाश्चात्त्य वाचकांसाठी ती लिहीत होती, हे खरे. परंतु तो त्याग स्त्रीने आपखुशीने केलेला होता की तिच्यावर लादलेला होता, हा प्रश्न तेथे मागे पडतो. रमाबाईंचा सारा जोर नेमका त्याच प्रश्नावर होता. मला स्वतःला येथे रमाबाईंची बाजू अधिक पटते. ज्या घरात आपण पाहुणे म्हणून प्रेमाने राहिलो, त्या घराची निंदा करणे जड जाते. रमाबाईंना ते घर परके नव्हते. त्यातील विधवेचे आसन त्यांच्या वाट्याला आले होते.

पुढे रमाबाई स्वतः दुसऱ्या एका 'आदर्श' देशात पाहुण्या झाल्या. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या. १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेविषयी महाराष्ट्रात त्या काळी मोठा आदर होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केले होते. रमाबाईंनीही तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था, लोकांचा उद्योग यांची मनापासून वाखाणणी केली. पण त्या तेथेच थांबल्या नाहीत. गुलामगिरी संपली तरी काळ्या माणसाविषयीचा तिरस्कार संपलेला नाही आणि ज्या भूमीवर हे वैभव उभे आहे ती मूळ रहिवाशांकडून हिरावून घेतलेली आहे, हे त्यांनी आपल्या मराठी वाचकांना सांगितले. दुरून फुल्यांना दिसली ती अमेरिकेची सदिच्छा. जवळ गेल्यावर रमाबाईंना तिची थकबाकी दिसली.

कोलकात्यात मुलींची शाळा चालवणाऱ्या आणखी एका लेखिकेने हा विषय विनोदाने मांडला. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलताना'ज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली. तिच्यातील सुलताना स्वप्नात एका नगरीत जाते. तेथे सगळे सुरळीत आहे, गुन्हे नाहीत, स्त्रिया निर्भयपणे रस्त्यावर फिरत आहेत. पुरुष कोठे आहेत, असे ती विचारते. ते घरात, पडद्यात बंद आहेत! पुरुष वाचकाला हा अन्याय वाटला, तर लेखिकेचे काम झालेच म्हणायचे.

आतापर्यंत आपण इतरांच्या घरात डोकावलो. बागबाजारात फिरताना मराठी माणसाला एके ठिकाणी मात्र थबकावे लागते. तेथील एका गल्लीचे नाव 'मराठा डिच लेन' असे आहे. डिच म्हणजे खंदक. मराठ्यांपासून संरक्षण व्हावे म्हणून खणलेला खंदक.

अटकेपार झेंडे लावणाऱ्या मराठ्यांचा इतिहास आपण अभिमानाने शिकतो. त्या दौलतीला पैसा लागे, आणि चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा हे त्याचे एक साधन होते. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालवर चालून गेले. सरकारकडून घोडा आणि हत्यार मिळणारा स्वार म्हणजे बारगीर. या शब्दाचे बंगालीत 'बर्गी' झाले. बंगालचा नवाब अलिवर्दी खान यानेही कपट केले. १७४४ साली त्याने भास्कररामांना भेटीस बोलावून ठार मारले. स्वाऱ्या १७५१ पर्यंत चालू राहिल्या आणि शेवटी नवाबाने दरसाल बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. आपल्या पुस्तकांत हा विजय म्हणून येतो.

बंगालच्या आठवणीत तो निराळा आहे. गंगाराम नावाच्या कवीने त्याच सुमारास 'महाराष्ट्र पुराण' नावाचे काव्य रचले. त्यात गावेच्या गावे पळताना दिसतात. पंडित पोथ्यांचे ओझे घेऊन, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. लूट, जाळपोळ, स्त्रियांवरील अत्याचार यांचेही वर्णन त्यात आहे. बर्गींची भीती घालून मुलांना झोपवणारे एक अंगाईगीत बंगाली आया आजही गातात. ते ऐकून मी काही वेळ गप्प बसले होते. गाणारी आजी हसत होती. तिच्या मनात आकस नव्हता. मी कोठली आहे हे तिला ठाऊक होते आणि तिने मला रसगुल्ला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढला.

खंदकाची गोष्ट थोडक्यात अशी. १७४२ साली कोलकात्याच्या रहिवाशांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे परवानगी मागितली आणि शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक स्वतःच्या खर्चाने खणायचे ठरवले. बागबाजाराच्या बाजूने काम सुरू झाले आणि सहा महिन्यांत तीन मैल पुरे झाले. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत, म्हणून काम अर्धवट सोडले गेले. पुढे १७९९ साली खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर रस्ता केला. कोलकात्याला निदान खंदक खणण्याइतका पैसा होता. बरद्वानच्या खेड्यांतील शेतकऱ्यांना खंदक नव्हता.